खऱ्या जागी शूटिंग झालं, म्हणून सिनेमा खरा होतो का? व्हीटी, ओव्हल आणि माझं एक चुकलेलं वाक्य

पीएचडीला प्रवेश घेतला तेव्हा माझ्या सिनॉप्सिसमधलं पहिलंच वाक्य असं होतं: ‘मुंबईतील ऐतिहासिक वास्तूंमध्ये चित्रित झालेल्या सिनेमांतून या शहराचा अस्सल इतिहास दिसतो.’ वाक्य लिहून मी खूश होते. गाइडनी दोन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारली, ‘अस्सल’ आणि ‘दिसतो’. समासात एवढंच लिहिलं: ‘कुणाला? कधी?’

मला राग आला होता. आज तीन वर्षांनी सांगते, सगळा प्रबंध त्या दोन प्रश्नांवरच उभा राहतोय. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करताय, प्रपोजल लिहिताय. सिनेमा, शहर, वारसा यांच्या आसपास काही करायचं मनात असेल तर माझी चूक आधी पाहून घ्या. विषय वेगळा असला तरी हरकत नाही, कारण पुरावा कशाला म्हणायचं हा प्रश्न सगळ्यांना सारखाच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन्स हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला. भारतातला सिनेमाचा पहिला खेळ तो हाच. तीनच वर्षांनी, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. म्हणजे आपल्याकडच्या पहिल्या काही चित्रफितींपैकी एकीचं लोकेशन मलबार हिलवरची एक प्रसिद्ध बाग होती.

हे वाचल्यावर मी लगेच टिपण केलं: ‘सिनेमा आणि शहरातील ऐतिहासिक स्थळं यांचं नातं पहिल्यापासूनचं.’ हीही चूकच. सावेदादांना प्रेक्षणीय स्थळ हवं होतं असं मानायला माझ्याकडे काय आधार होता? त्या काळच्या कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागायचं आणि कुस्तीला मोकळी जागा. शिवाय ती बाग तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. ती ‘ऐतिहासिक’ आहे ती तुमच्या-माझ्यासाठी.

पुढे फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) केला तेव्हा दादरला सेट उभारला आणि बाहेरच्या दृश्यांसाठी वांगणी गाठली. मुंबईतली एकही भव्य इमारत त्यांच्या कामाची नव्हती, कारण राजा हरिश्चंद्राच्या कथेत गॉथिक कमानी कशा चालणार? म्हणजे वास्तू नुसती तिथे आहे म्हणून सिनेमात येत नाही. कथेची आणि तंत्राची गरज असेल तरच येते.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’पासून बोलपट सुरू झाले आणि आवाजाच्या यंत्रांमुळे काम मोठ्या प्रमाणावर स्टुडिओच्या आत गेलं. मग शहर पुन्हा पडद्यावर आलं ते कुठून? माझ्या नोंदींमध्ये वारंवार एकच उत्तर येतं: गाण्यांतून. गाणं आधीच ध्वनिमुद्रित असतं, त्यामुळे रस्त्यावरचे हॉर्न, समुद्राचा आवाज, गर्दीचा गलका यांची अडचण होत नाही. राज खोसलांच्या ‘सीआयडी’ (१९५६) मधलं जॉनी वॉकरवर चित्रित झालेलं मुंबईवरचं गाणं आठवा. घोडागाडी, मरीन ड्राइव्ह, मागे इमारतींची रांग. पार्श्वगायनाच्या पद्धतीमुळे शहराला सिनेमात शिरायला वाट मिळाली. आता ‘अस्सल शहर’ म्हणताना जरा थांबायला हवं, कारण आपल्याला मिळालेलं चित्र बऱ्याचदा मूक शहराचं आहे. त्याचा आवाज काढून घेतलाय आणि जागी वाद्यवृंद ठेवलाय.

चार तारखा

त्या गाण्यातल्या मरीन ड्राइव्हकडे पुन्हा बघू. आज ते पाहताना आपण हळवे होतो, ‘जुनी मुंबई’ म्हणून उसासा टाकतो. पण मरीन ड्राइव्हच्या त्या आर्ट डेको इमारती मुख्यतः १९३० आणि ४०च्या दशकांतल्या. ‘सीआयडी’ आला तेव्हा त्या पंधरा-वीस वर्षांच्या होत्या. १९५६च्या प्रेक्षकाने पडद्यावर वारसा पाहिला नाही. त्याने नवं, झगझगीत, पैसेवाल्यांचं शहर पाहिलं. त्या गाण्यातला टोमणाही याच नव्या शहराला आहे. आपण त्यावर आठवणींचा पिवळा रंग चढवला तर टोमण्याची धारच जाते.

म्हणून मी आता प्रत्येक दृश्यासाठी चार तारखा लिहिते:

१. वास्तू कधी उभी राहिली.
२. तिला ‘वारसा’ ही ओळख कधी मिळाली.
३. चित्रीकरण कधी झालं आणि सिनेमा कधी लागला.
४. मी तो कधी पाहतेय.

मुंबईपुरतं सांगायचं तर दुसऱ्या तारखेसाठी तीन वर्षं पाठ असू द्या. १९९५ मध्ये बृहन्मुंबईसाठी वारसा नियमावली आली, भारतातली अशी पहिली. २००४ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. २०१८ मध्ये ओव्हल मैदानाभोवतीचा व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तूंचा समूह, मरीन ड्राइव्हसह, त्या यादीत गेला. १९७०च्या दशकातल्या दिग्दर्शकाने ‘वारसा-वास्तू निवडली’ असं लिहिलंत तर तुम्ही त्याच्या तोंडी आपल्या काळाची भाषा घालताय.

ओव्हलवरचा पाऊस

बासू चटर्जींचा ‘मंज़िल’ (१९७९). त्यातलं लताबाईंच्या आवाजातलं पावसाचं गाणं बहुतेकांनी पाहिलंय. अमिताभ आणि मौसमी चटर्जी भिजत चाललेत, ओव्हल मैदान, समुद्राचा काठ, मागे राखाडी आकाश. त्याच गाण्याची किशोरकुमारच्या आवाजातली आवृत्ती घरगुती मैफिलीत बसून गायली जाते. म्हणजे एकच चाल, एकदा चार भिंतींत आणि एकदा शहरात.

मी या गाण्यावर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा ‘दोघांची ओव्हल ते मरीन ड्राइव्ह पदयात्रा’ असा उल्लेख केला होता. मग एका जुलैत छत्री आणि मोबाइल घेऊन स्वतः चालून पाहिलं. जागा एकमेकींपासून लांब नाहीत, दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. पण गाण्यातला क्रम पायांचा नाही, कात्रीचा आहे. काही क्षण मैदान, काही क्षण समुद्र, पुन्हा दुसरीच वाट. संकलनाने मधले रस्ते, सिग्नल, चर्चगेटची गर्दी सगळं गिळून टाकलंय. पडद्यावरची मुंबई ही खऱ्या तुकड्यांची बनवलेली काल्पनिक जागा आहे. एकेक तुकडा खरा असला तरी त्यांची जोडणी रचलेली असते. लोकेशनवर लिहिणाऱ्याने हे दोन थर वेगळे ठेवलेच पाहिजेत.

तरीही हे गाणं मला मोठं वाटतं, आणि त्याचं कारण वास्तूंच्या भव्यतेत नाही. ओव्हलच्या पूर्वेला हायकोर्ट आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही १८७८ मध्ये पूर्ण झालेले. पश्चिमेला पन्नास-साठ वर्षांनी आलेल्या आर्ट डेको इमारती. एवढा ऐवज समोर असताना कॅमेरा त्याची आरती करत नाही. त्याला रस आहे ओल्या कपड्यांत, साचलेल्या पाण्यात, दोघांच्या चालण्याच्या लयीत. वास्तू मागे धूसर उभ्या राहतात, जशा रोज तिथून जाणाऱ्याला दिसतात. शहरात राहणारा माणूस राजाबाई टॉवरकडे टक लावून बघत नाही. तो घड्याळात किती वाजले बघतो आणि लोकल पकडायला पळतो. ही दुर्लक्ष करण्याची सवय या गाण्याने नेमकी पकडलीय, म्हणून ते ‘मुंबईचं’ वाटतं.

बासूदांच्याच ‘छोटी सी बात’मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार दिसतं. ते २०१५ मध्ये बंद झालं. आता तो सिनेमा समोवारचा पुरावा आहे का? आहे, पण अर्धा. टेबलं, चिंचोळी लांबट जागा, खिडकीतून येणारा उजेड एवढं मिळतं. तिथे खरोखर कोण बसायचं, किती वेळ, बिल कोण द्यायचं हे मिळत नाही, कारण त्या दिवशी टेबलांवर सिनेमाची माणसं होती. नायक महिनोन्‌महिने नायिकेच्या मागे चालतो हे आज पाहताना खटकतं, तेही लिहा. जागेवरच्या प्रेमापोटी कथेला सूट देऊ नका.

व्हीटीचा फलाट

आता मूळ मुद्द्यावर येते. डॅनी बॉइलचा ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ (२००८). त्यात दोन जगप्रसिद्ध वास्तू आहेत, आग्र्याचा ताजमहाल आणि मुंबईचं व्हीटी.

ताजमहालच्या प्रसंगात लहानगा जमाल गाइड बनून परदेशी पाहुण्यांना वाट्टेल ते सांगतो. ताजमहाल म्हणजे पंचतारांकित हॉटेल होणार होतं, वगैरे. पाहुणे गंभीरपणे ऐकतात. हा प्रसंग मला सिनेमातला सगळ्यात हुशार वाटतो. प्रसिद्ध वास्तूसमोर उभं राहून आत्मविश्वासाने बोललं की काहीही खपतं, हे तो दाखवतो. खरं सांगू? सिनॉप्सिस लिहिणारी मी म्हणजे तो जमालच. मागे ताजमहाल, पुढे ऐकणारे, आणि तोंडाला येईल तो इतिहास.

व्हीटीचा वापर त्याहून गंभीर आहे. जमाल लतिकाला सांगतो की मी रोज पाच वाजता व्हीटीवर तुझी वाट बघेन. ही निवड अचूक आहे. ज्यांच्याकडे घर नाही, पत्ता नाही, त्यांनी भेटायचं कुठे? मोठ्या स्टेशनात थांबायला कुणाला कारण सांगावं लागत नाही. हजारो माणसं उभी असतात, त्यांत आणखी एक. इथे स्टेशन हे नुसतं मुंबईचं ओळखपत्र राहत नाही. त्याच्या रोजच्या कामातूनच कथा घडते. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने आखलेली, १८७८ मध्ये बांधकाम सुरू झालेली ही इमारत तिच्या घुमटामुळे प्रसिद्ध आहे, पण सिनेमाने निवडली ती तिच्यातली वाट पाहण्याची सोय.

आणि मग शेवटचा नाच. फलाटावर सगळे नाचतात. गाणं जगभर गाजलं, सिनेमाला आठ ऑस्कर मिळाली. माझी तक्रार अशी आहे. ज्या गर्दीमुळे ही जागा त्या दोघांच्या भेटीची जागा होऊ शकली, तीच गर्दी या नाचात गायब आहे. फलाटावर प्रवासी उरत नाहीत, सगळेच नर्तक होतात. डबा, पिशवी, चौथी सीट, गाडी लेट, काहीच नाही. कथेत स्टेशन जे काम करत होतं ते इथे संपतं आणि ते रंगमंच बनतं. हिंदी सिनेमाला केलेला हा सलाम आहे हे मला कळतं. पण सलाम करताना त्याने हिंदी सिनेमाची एक जुनी खोडही उचलली: गाणं सुरू झालं की रस्ता रिकामा करायचा.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवा. या नाचाची रचना लाँजिनस फर्नांडिस यांची. श्रेयनामावलीत त्यांचं नाव राहून गेलं, आणि बॉइलने ते ऑस्कर स्वीकारताना जाहीरपणे मान्य केलं. इमारतीचं नाव जगाला कळलं, त्या इमारतीत माणसांना नाचवणाऱ्याचं राहिलं. ‘लोकेशन’वर लिहिताना आपण दगडांची नावं अगदी काटेकोर लिहितो. तिथे राबलेल्या माणसांचीही तशीच लिहायला हवीत.

आई आणि मी

आता चार तारखा परत लावू. चित्रीकरण २००७च्या अखेरीस सुरू झालं. सिनेमा अमेरिकेत १२ नोव्हेंबर २००८ला लागला. २६ नोव्हेंबरच्या रात्री त्याच स्टेशनात गोळीबार झाला, पन्नासहून अधिक माणसं मारली गेली. सिनेमा भारतात लागला २३ जानेवारी २००९ला, म्हणजे दोन महिनेही झाले नव्हते. अमेरिकेतल्या पहिल्या प्रेक्षकांनी जो फलाट पाहिला आणि आपल्याकडच्या प्रेक्षकांनी जो पाहिला, त्यांत फ्रेम एकही बदललेली नाही. पण दृश्य तेच राहिलं का?

माझी आई तेव्हा फोर्टात नोकरी करायची, डोंबिवलीहून रोज व्हीटी. त्या दिवशी ती नेहमीच्या संध्याकाळच्या गाडीने घरी आलेली होती. पुढे कधीतरी टीव्हीवर हा सिनेमा लागला. शेवटचं गाणं सुरू झालं आणि ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी शाळेत होते, मला गाणं आवडायचं, मी आवाज वाढवला.

गेल्या वर्षी प्रकरण लिहिताना मी तिला मुद्दाम हा प्रसंग विचारला. संशोधकाचा थाट आणून समजावलंही, ‘आई, हल्ला लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या प्रतीक्षा दालनात सुरू झाला. नाच फलाटावर आहे. जागा एक नाही.’ ती म्हणाली, ‘फलाट कुठला ते तू बघत बस. माझं स्टेशन एकच आहे.’

माझी दुरुस्ती चुकीची नव्हती. दोन जागा एकत्र करून हळहळ व्यक्त करणारा लेख मी लिहिला असता तर तो खोटा झाला असता. पण तिचं वाक्यही चुकीचं नाही. रोज वापरणाऱ्याला स्टेशन नकाशासारखं दिसत नाही, ते अख्खं एकच असतं. गाइडच्या ‘कुणाला? कधी?’ या प्रश्नाचं उत्तर मला असं घरातच मिळालं. त्यानंतर मी प्रबंधात दोन रकाने केले: ‘जागा कुठली’ आणि ‘पाहणाऱ्यासाठी कुठली’. दोन्ही रकाने भरायचे, एकाने दुसरा खोडायचा नाही.

बॉइलला २६ नोव्हेंबरसाठी जबाबदार धरता येत नाही, कारण त्याचं चित्रीकरण आधीचं आहे. पण अनुभव सिन्हांचा ‘रा.वन’ २०११च्या दिवाळीत आला. त्यात थांबवता न येणारी लोकल धडधडत येते आणि स्टेशनची इमारतच कोसळते, अर्थात संगणकावर. इथे तारखांची सबब नाही. तीन वर्षांपूर्वी जिथे माणसं पडली ती इमारत पाडून दाखवताना त्या आठवणीचा एक धागाही सिनेमाला लागत नाही. व्हीटी निवडलं कारण ते सगळ्यांना ओळखू येतं आणि ते पडलं की इफेक्ट किती मोठा आहे हे लगेच कळतं. स्टेशन इथे मोजपट्टी आहे, बाकी काही नाही. पडझड दाखवू नये असं मी म्हणत नाही. ज्याची पडझड दाखवता ते काय आहे हे तुम्हाला माहीत असावं, एवढंच म्हणते. ‘रा.वन’ला ते माहीत असल्याची खूण मला सापडली नाही.

उलट बाजू पाहा. ‘हॉटेल मुंबई’ हा अँथनी मारासचा सिनेमा ताजमहाल हॉटेलमधल्या त्याच हल्ल्यावर आहे, आणि त्याचं बरंचसं चित्रीकरण ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला झालं. पत्त्याच्या हिशोबाने हा सगळ्यात ‘खोटा’. तरी त्याच्यासमोर मी जास्त अस्वस्थ झाले, कारण त्यात इमारत म्हणजे तिथल्या कर्मचाऱ्यांना ठाऊक असलेल्या वाटा, दारं आणि जिने आहेत. खऱ्या जागी उभं राहून जागेकडे पाठ फिरवता येते, आणि हजारो किलोमीटरवर सेट लावूनही तिच्याशी प्रामाणिक राहता येतं. माझ्या पहिल्या वाक्यातला ‘अस्सल’ इथे कायमचा गेला.

तुम्ही काय कराल

हे सगळं वाचून ‘मग लोकेशनचा अभ्यास करायचाच कशाला’ असं वाटू देऊ नका. अभ्यास करायचाच आहे, नीट. माझी पद्धत थोडक्यात सांगते.

*नावं सगळी शोधा.* एकाच जागेला बोरीबंदर, व्हिक्टोरिया टर्मिनस, व्हीटी, सीएसटी (१९९६ पासून), सीएसएमटी (२०१७ पासून) अशी नावं आहेत. जुन्या वर्तमानपत्रांत एकच नाव शोधलंत तर निम्मा पुरावा हातचा जाईल. आणि कुठला सिनेमा कुठलं नाव उच्चारतो हीसुद्धा नोंद आहे. २००८ मधला जमाल ‘व्हीटी’च म्हणतो, माझी आई अजून तेच म्हणते.

*जागेचं काम विचारा.* मी तीन कप्पे करते. पाटी: ‘आता आपण मुंबईत आलो’ एवढं सांगणारी वास्तू, दोन सेकंदांची. पडदा: पुढे काहीही घडो, मागे शोभेला उभी. पात्र: ती काढली तर कथा अडते. ‘स्लमडॉग’मध्ये पाच वाजता वाट बघणारं व्हीटी पात्र आहे, शेवटच्या नाचातलं पडदा. एकाच सिनेमात जागा कप्पा बदलू शकते, आणि समीक्षा बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते.

*फ्रेममधून कोण बाहेर आहे ते लिहा.* फेरीवाला, हमाल, झाडूवाली, खरा प्रवासी. दृश्य आवाज बंद करून एकदा पाहा, मग फक्त मागची माणसं बघत पुन्हा पाहा.

*कागद मागा.* रेल्वे असो, महापालिका असो की पुरातत्त्व खातं, चित्रीकरणाला परवानगी लागते आणि परवानगीचा कागद होतो. माहिती अधिकाराचा केंद्रीय अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. पडद्यावर जे ‘सहज’ दिसतं ते किती वाजता, किती तासांसाठी, कुठल्या अटींवर झालं हे त्या कागदात सापडू शकतं.

*स्वतः जा.* आणि दृश्यातल्या वेळेलाच जा. सकाळी अकराचं व्हीटी आणि संध्याकाळी सहाचं व्हीटी यांवर एकच विधान करता येत नाही.

*जिथे जागाच उरलेली नाही तिथे ते मान्य करा.* पुण्याचा शनिवारवाडा १८२८च्या आगीत जळाला, आज तट, दरवाजे आणि जोती आहेत. म्हणून ‘बाजीराव मस्तानी’ला (२०१५) वाडा सेटवर उभा करावा लागला. तो सेट खोटा आहे असं म्हणून समीक्षा संपत नाही. जोती पाहून त्यांनी कुठला वाडा कल्पिला, आरशांचा आणि झगमगाटाचाच का, हा खरा प्रश्न आहे.

सुधारलेलं वाक्य

माझ्या सिनॉप्सिसचं पहिलं वाक्य आता असं आहे: ‘मुंबईतील ऐतिहासिक वास्तू सिनेमात कोणतं काम करतात, आणि चित्रीकरणाचा काळ व पाहण्याचा काळ बदलला की त्या कामाचा अर्थ कुणासाठी कसा बदलतो, याचा हा अभ्यास आहे.’ वाक्य लांब झालंय, आधीच्याइतकं देखणं नाही. पण त्यातला प्रत्येक शब्द मला सिद्ध करून दाखवता येईल.

तुमच्या गावातली एक वास्तू घ्या. रंकाळा, बीबी का मकबरा, शनिवारवाडा, तुमच्या स्टेशनची जुनी इमारत, काहीही. ती दिसणारा एक सिनेमा काढा, पाच मिनिटांचा तुकडा निवडा आणि चार तारखा लिहा. मग घरात जो माणूस ती जागा रोज वापरतो किंवा वापरायचा त्याच्याशेजारी बसून तो तुकडा पाहा. त्याने मध्येच उठून जावंसं केलं तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. काय झालं ते विचारा, आणि तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्या.